सांगितलेले काम करतो

मामा चप्पल घालायच्या आधी ती उलटी करायचे, फरशीवर दोनदा आपटायचे आणि मगच पाय सरकवायचे. उन्हाळा असो, पावसाळा असो, चप्पल कोरी असो नाहीतर अंगठा तुटलेली असो. शाळेच्या व्हरांड्यात फट् फट् आवाज आला की आम्ही ओळखायचो, मामा निघाले. शब्दांचंही त्यांचं असंच होतं. तुम्ही त्यांच्यासमोर एखादा भारदस्त शब्द टाकलात की मान तिरकी करून विचारायचे, "झटकून घेतला का सर? आत इंचू असतोय कवाकवा."

मी मराठीचा मास्तर. आळ्याहून रोज मोटारसायकल हाकत लेण्याद्रीच्या बाजूच्या त्या हायस्कुलात जायचो. मामा तिथे शिपाई होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा त्यांच्या नावापुढे मी जे लिहून ठेवलं, त्यानंतर तिथे आणखी काही लिहायची मला लाज वाटते. अख्खी शाळा त्यांना मामा म्हणायची, तुम्हीही मामाच म्हणा.

त्यांचं घर डोंगराच्या पायथ्याला. लहानपणी शेरडं घेऊन वर जायचे, तेव्हा लेण्यांतले लेख वाचायला येणारी अभ्यासक मंडळी त्यांना भेटायची. त्यांच्या पिशव्या वाहता वाहता मामा ब्राह्मी अक्षरं शिकले. म्हणजे बघा, आमच्या स्टाफमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची लिपी वाचणारा एकच माणूस होता आणि तो घंटा वाजवायचा. आम्ही बाकीचे पदवीधर. आम्हाला सातव्या वेतन आयोगाचं परिपत्रक तेवढं अस्खलित वाचता यायचं.

एकदा नववीतल्या एका पोराला मी भर वर्गात ढ म्हणालो. मधल्या सुट्टीत मामा खडू घेऊन आले आणि फळ्यावर त्यांनी ब्राह्मी अक्षरांची एक ओळ काढली. क ओळखू येत नव्हता, म ओळखू येत नव्हता. ढ मात्र आजचाच. मामा म्हणाले, समदी अक्षरं बदलत गेली, ह्यो एकटा हाय तसा ऱ्हायला, म्हणून ज्याच्यात फरक पडत न्हाई त्याला ढ म्हणत्यात. पंडित मंडळी ही व्युत्पत्ती मान्य करतील की नाही, मला ठाऊक नाही. मामांना मात्र ती फार प्रिय होती, कारण तिसरीत त्यांचे मास्तर त्यांनाही ढ म्हणायचे आणि दाराशी, पोरं चपला काढतात तिथे बसवायचे. तिथे का बसवायचे, हे सांगायला तुम्हाला शब्दकोश लागणार नाही. त्याच जागी एकदा कुणाच्या तरी चपलेतून विंचू निघाला आणि मामांच्या बोटाला डसला. मास्तरांनी त्यांना घरी जायला सांगितलं आणि पुढचा धडा घेतला.

"पाऊसपाणी खाऊन दगूड झिजला सर, पर ह्यो ढ जागचा हालला न्हाई," मामा म्हणाले. "मग ह्येला वाईट का म्हणायचं?"

पुन्हा वर्गात तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. ओठांवर यायचा, पण फळ्याकडे लक्ष जायचं.

दुसरी गोष्ट स्टाफरूममधली. आमच्यातला एक जण दुसऱ्याबद्दल म्हणाला, तो काय शिकवतो, नुसत्या पाट्या टाकतो. मामा चहाचे कप उचलत होते. कप तसेच हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "माझ्या आईनं रोजगार हमीवर पाट्या टाकल्यात. एक पाटी कमी पडली का मुकादम हजेरी कापायचा. ज्यानं जल्मात पाटी उचलली न्हाई, त्यानं ह्यो शब्द केलाय." आणि कप घेऊन गेले. मागे एक जण हळूच म्हणाला, ह्या लोकांना आता फार शब्द फुटायला लागलेत. आम्ही सगळे ऐकून न ऐकल्यासारखं करत बिस्किटं खात राहिलो. मीसुद्धा खाल्ली.

पण मामा नुसते शब्दांचा कीस काढत बसणारे नव्हते हो. आमच्याकडे बिबट्या म्हणजे घरचाच पाहुणा. थंडीत पाच वाजता शाळा सुटली की वस्तीवरची पोरं दोन्हीकडे उभा ऊस असलेल्या वाटेनं जायची आणि आयांचा जीव टांगणीला लागायचा. मामांनी पोरांची रांग लावली, सगळ्यात मागच्याच्या हातात खिचडीची ताटली आणि चमचा दिला, आणि सगळ्यांनी बोंबलत पाढे म्हणायचे असा कायदा केला. "बिबट्याला सतराचा पाढा येत न्हाई, त्यो लाजून पळतोय," असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं. पोरं खिदळत सतराचा पाढा म्हणायची. पुढे वनखात्याचे लोक येऊन तेच सांगून गेले, घोळक्यानं जा, आवाज करत जा. फक्त त्यांनी फ्लेक्स लावला. आमच्या गणिताच्या सरांना मात्र आपल्या शिकवण्यामुळेच पोरांचे पाढे पाठ झाले असं शेवटपर्यंत वाटत राहिलं.

आता मुद्द्याचं सांगतो. मामांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: शाळेच्या ग्रंथालयाची किल्ली.

ग्रंथालय म्हणजे ऑफिसमागच्या अंधाऱ्या खोलीतली पाच कपाटं. किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क पुस्तक हरवेल या भीतीनं कपाट उघडत नसे. वाळवीला मात्र किल्ली लागत नव्हती. मामा ती कपाटं रोज बाहेरून पुसायचे आणि काचेतून पुस्तकांची नावं वाचायचे. ग्रंथालयाचा चार्ज कनिष्ठ लिपिकाकडे असतो, आणि शिपाई दहावी झाला असेल तर त्याला बढतीनं लिपिक होता येतं, हे कळल्यावर या माणसानं पन्नाशी उलटल्यावर बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. ज्या वर्गाला घंटा द्यायची त्याच वर्गातल्या पोरांबरोबर बाकावर बसून परीक्षा दिली. पास झाले. मग मंचरला खेटे घालून टायपिंगही पास झाले. क्लार्क निवृत्त व्हायला तेव्हा काही वर्षं होती. मामा थांबायला तयार होते. मला म्हणाले होते, चार्ज आला का पयल्या दिवशी पाची कपाटं उघडून पुस्तकं उन्हात घालनार, आणि पोरांना सांगनार, घ्या.

एका दुपारी क्लार्क रजेवर आणि किल्ली माझ्याकडे, असा योग आला. मी मामांना घेऊन आत गेलो. कुणा पेन्शनर गुरुजींनी देणगी दिलेला एक जाडजूड संस्कृत कोश होता, त्यावर त्यांचा डोळा होता. "कल्पना काढा सर," ते म्हणाले. आजकाल उठसूट सगळे म्हणतात, मला काय कल्पना न्हाई. म्हणजे नेमकं काय नसतं, ते त्यांना बघायचं होतं.

मी वाचून दाखवलं. कल्पना म्हणजे रचणं, जुळवणं. कल्पना म्हणजे कापणं. आणि तिसरा अर्थ, हत्तीला स्वारीसाठी सजवणं. कल्पक या शब्दाचा तर एक जुना अर्थ न्हावी असा निघाला. त्यावर मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आमच्या स्टँडवरचा न्हावी केस कापता कापता गावाच्या बातम्या रचतो, त्यो कल्पकच की, म्हणाले. मग एकदम गंभीर झाले.

"कापणं बरूबर हाय," म्हणाले. "लेणं बांधत न्हाईत सर, कापत्यात. नको त्यो दगूड काढला का हत्ती ऱ्हातो. पर कुठला दगूड नको, ते आधी दिसाया पायजे."

मग त्यांनी उलटा शब्द काढायला लावला. ज्याला काहीच सुचत नाही त्याला काय म्हणतात? मी म्हणालो, जड. जड बुद्धीचा. कोशात पाहिलं तर जड म्हणजे वजनदार नव्हतंच आधी. थंड, गारठलेला, म्हणून हालचाल बंद झालेला.

"म्हंजी त्यो मानूस वंगाळ न्हाई," मामा म्हणाले. "गारठलाय फकस्त. त्याला जरा शेकायला बसवायचं."

मला त्या क्षणी या माणसाबद्दल इतकी माया वाटली की कोश त्यांना घरी देऊन टाकावा असं मनात आलं. दिला नाही. रजिस्टरला नोंद असते.

क्लार्क निवृत्त व्हायच्या वर्षी मोठे सर आजारपणाच्या रजेवर गेले आणि प्रभारी मुख्याध्यापकाची खुर्ची माझ्या बुडाखाली आली. मार्चअखेर सगळ्या कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहायचे असतात. ते कसे लिहितात ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की त्यात काही गोपनीय असतं. डावीकडे गेल्या वर्षीचा अहवाल ठेवायचा, उजवीकडे कोरा फॉर्म. डावीकडे बघायचं, उजवीकडे लिहायचं. नवीन काही लिहिलं तर वरून विचारणा होते, मग खुलासा द्या, मग त्याची फाइल. म्हणून कुणीच नवीन लिहीत नाही. मीही एका दुपारी बसून चौदा माणसं निकालात काढली. मध्ये दोनदा चहा झाला. दोन्ही वेळा तो मामांनीच आणून दिला आणि दुसऱ्या वेळी माझ्यासमोर त्यांचाच फॉर्म होता.

त्या फॉर्मात पुढाकार व कल्पकता असा एक रकाना असतो. डावीकडे होतं, "सांगितलेले काम करतो. कल्पकता नाही." मी उजवीकडे लिहिलं, "सांगितलेले काम करतो. कल्पकता नाही." खाली सही केली, चहा प्यालो. तोंडावर मामा आणि अहो-जाहो, कागदावर 'करतो'. तेसुद्धा तेव्हा खटकलं नाही.

जूनमध्ये लिपिकाच्या जागेवर दुसऱ्या शाखेतला एक शिपाई आला. सेवेत मामांहून बराच मागचा, पण संस्थेतल्या कुणाच्या तरी पाहुण्यातला. मामांना डावलायचंच ठरलं होतं, हे मला कळतं, इतका मी बावळट नाही. पण काठी शोधत होते तेव्हा ती मीच नेऊन दिली. मामांनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला, मला का डावललं ते कळावं. महिन्याभरानं उत्तर आलं आणि सोबत माझ्या अहवालाची प्रत. पाकीट माझ्यामार्फतच त्यांना द्यायचं होतं.

त्यांनी ते माझ्या टेबलापुढे उभ्याउभ्याच वाचलं. दोनदा वाचलं. "सर, ह्ये अक्षर तुमचं हाय," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

"झटकून लिवलं व्हतं का?"

मी म्हणालो, मामा, ते दरवर्षी तसंच लिहितात, फॉर्मॅलिटी असते. "फॉर्मॅलिटी," ते माझ्यामागून म्हणाले. तो शब्द कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि तासाची वेळ झाली होती म्हणून घंटा द्यायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून मामा सांगितलेलं काम करू लागले. तेवढंच. घंटा वेळेवर, पाणी वेळेवर, सही वेळेवर. फळ्यावरची अक्षरं बंद झाली. कपाटं पुसणं बंद झालं, कारण ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. नव्या क्लार्कला वाटलं, माणूस सुधारला.

थंडी पडली. एका संध्याकाळी मी गेटवर उभा होतो आणि वस्तीवरची पोरं उसाच्या वाटेनं गुपचूप, एकेकटी निघाली होती. मामा गेटला कुलूप लावायच्या तयारीत. मी विचारलं, आज पाढे नाहीत?

"लेखी सांगा, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

मी लेखी दिलं. शाळा सुटल्यावर विद्यार्थ्यांकडून रांगेत मोठ्याने पाढे म्हणवून घ्यावेत. त्यांनी म्हणवून घेतले. ताटली आली, रांग आली, सतराचा पाढाही आला. फक्त बिबट्या लाजतो, असं कुणी सांगितलं नाही आणि पोरं हसली नाहीत. तसं आदेशात नव्हतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं. आमच्याकडे शिपायाच्या निरोपाचं एकच भाषण आहे, नाव बदलून चालतं: प्रामाणिक, हरहुन्नरी, कल्पक. माझी पाळी आली तेव्हा मीही कल्पक म्हणालो. मनापासून म्हणालो, देवाशपथ, पण तो शब्द आधीच्या चौघांनी वापरून चोथा केलेला होता. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी भाषण केलं नाही. नमस्कार करून उठले, दाराशी गेले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी चप्पल दोनदा आपटली.

त्यांच्या पेन्शनची कागदपत्रं लावताना मला जुनी दप्तरं उघडावी लागली. लाल फडक्यात बांधलेली, धुळीनं भरलेली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या वाक्याचा माग काढायला लागलो. मामा शब्दाचा काढायचे तसा. माझ्या आधी मोठ्या सरांनी लिहिलं होतं, त्यांच्या आधी आणखी कुणी, त्यांच्याही आधी कुणी. अक्षर बदलत होतं, शाई बदलत होती, वाक्य तेच. मामा नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षीही तेच. मग मी त्याच्याही मागचं दप्तर उघडलं. तिथेही होतं! मामांच्या आधी जो शिपाई होता, त्याच्या नावापुढे. मामा रुजू झाल्यावर त्याच्या जागी फक्त यांचं नाव आलं होतं. वाक्य मुळात मामांबद्दल नव्हतंच कधी.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मूर्खासारखा आनंद. मी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि रविवारी मोटारसायकल काढून पायथ्याला गेलो. मामा अंगणात खाटेवर बसले होते, थकल्यासारखे दिसत होते. "जय भीम, सर," म्हणाले. इतक्या वर्षांत शाळेत ते मला नमस्कारच म्हणायचे. मीही जय भीम म्हणालो, तोही पहिल्यांदाच. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

मी झेरॉक्स खाटेवर पसरल्या आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. हे बघा मामा, हे वाक्य तुमचं नाहीच. हे तुमच्या आधीच्या शिपायाचं. सगळ्यांनी नुसती नक्कल केली, मीही केली, चुकलो, हात जोडतो. पण मूळ माणूस दुसराच आहे.

मामांनी सगळ्यात जुनं पान उचललं. चष्मा लावला. त्या नावावर बोट ठेवलं.

"ह्यो?" म्हणाले. "ह्यो लाकडाचं बैल करायचा, सर. मधल्या सुट्टीत, फुटक्या बाकांच्या फळ्यांचं. पोळ्याला गावातली निम्मी पोरं त्येचंच बैल घिऊन मिरवायची. एका बैलाची मान तर हालायची." त्यांनी पान परत माझ्या हातात दिलं. "ह्येच्याबद्दल बी खोटंच लिवलं व्हतं. तुमी हितं बी झटकलं न्हाई."

मी झेरॉक्स गोळा केल्या. चहा पिऊन जा, असं त्यांची बायको म्हणाली, मामा काही म्हणाले नाहीत. त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं, तेही त्या नव्या क्लार्ककडून, पेन्शन त्यांच्या बायकोच्या नावावर करायच्या कागदांचं विचारायला त्यानं मला फोन केला तेव्हा. कपाटांची किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.

आता माझी बदली अवसरी बुद्रुकच्या शाखेत झाली आहे, पूर्ण मुख्याध्यापक म्हणून. या मार्चमध्ये इथल्या क्लार्कनं माझ्यापुढे डावीकडे गेल्या वर्षीचे अहवाल ठेवले आणि उजवीकडे कोरे फॉर्म. शिपायाचा अहवाल सगळ्यात खाली होता. मी तो आधी काढला. शाळा वेगळी, माणूस वेगळा, लिहिणारा वेगळा. सांगितलेले काम करतो. कल्पकता नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि बाहेर आलो. इथल्या शिपायालाही मुलं मामाच म्हणतात. व्हरांड्यात वाकून ते टाकीचा नळ घट्ट करत होते. आठ महिने हा माणूस मला रोज चहा देतोय आणि मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट माहीत नव्हती. मी जवळ गेलो आणि विचारलं, "मामा, तुम्हाला काय काय येतं?"

ते दचकून उभे राहिले. ओले हात त्यांनी शर्टाला पुसले.

"माजं काय चुकलं का, सर?" त्यांनी विचारलं.